सैल वेणीचे गणित

बेंगळुरूचे पाणी केसांना बाधते, हे वाक्य या शहरात नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकाच्या कानावर घरभाड्याच्या आकड्यापाठोपाठ पडते. पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून नोकरीसाठी आलेली मुले-मुली तीन-चार महिन्यांत न्हाणीघराच्या जाळीवर साठलेला केसांचा पुंजका दाखवतात आणि बोअरच्या पाण्याला दोष देतात. आरोप अगदीच हवेतला नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून टप्प्याटप्प्याने उपसून इथे आणावे लागते आणि ते सगळ्यांना पुरत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा, दिवसाला ७७५ दशलक्ष लिटरचा, सुरू झाला तो शहरात मागाहून सामील झालेल्या ११० गावांसाठी. तोवर त्या वस्त्यांचा भार मुख्यतः कूपनलिका आणि टँकर यांवरच होता. कूपनलिकेचे पाणी खडकातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, साबणाला फेस येऊ न देणारे; बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर त्याचाच. पण या पाण्याचा गुन्हा नेमका कोणता, हे विचारायला हवे. २०१३ साली भारतातच झालेल्या एका छोट्या अभ्यासात दुष्फेन आणि शुद्ध पाण्यात ठेवलेल्या केसांची ताणशक्ती मोजली, तेव्हा दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. पुढे पाकिस्तानातल्या एका अभ्यासात मात्र अशा पाण्याने पुरुषांच्या केसांची ताकद घटलेली दिसली. दोन्ही अभ्यासांनी मोजली ती केसाच्या धाग्याची ताकद. मुळापासून केस गळण्याविषयी त्यांतला एकही काही सांगत नाही, आणि तक्रार तर गळण्याचीच असते.

म्हणून या विषयात पहिल्यांदा दोन क्रियापदे वेगळी करावी लागतात: केस गळणे आणि केस तुटणे. कंगव्यात आलेला एक केस उजेडासमोर धरून पाहा. एका टोकाला खसखशीच्या दाण्याहून बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून सुटलेला, म्हणजे गळलेला. दोन्ही टोके निमुळती किंवा फाटकी असतील तर तो मध्येच तुटलेला. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाढतो, मग जवळपास तीन महिने विसावा घेतो आणि पडतो. त्याच कूपातून नवा उगवतो. रोज पन्नास ते शंभर केस पडणे हा या चक्राचा नित्याचा हिशेब. मोठा ताप, बाळंतपण, उपासमार, शोक, घर सोडण्याचा ताण असे काही घडले की एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदम विसाव्यात जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम पडतात. जूनमध्ये गाव सोडून आलेल्या माणसाचे केस सप्टेंबरात पडू लागतात तेव्हा जूनची आठवण कोणालाच राहत नाही. नळ मात्र समोर असतो.

या पुस्तकाचे म्हणणे या हिशेबावर उभे आहे. केसांची लांबी म्हणजे वाढीतून तूट वजा जाता उरलेली बाकी. महिन्याला एक सेंटिमीटर ही गती बाहेरून काही चोळून दीड करता येत नाही. टोकाशी होणारी तूट मात्र पुष्कळ कमी करता येते. ज्या बाईचे केस गेली पाच वर्षे खांद्याच्या खाली उतरत नाहीत, तिचे केस बहुधा वाढतच आहेत. जेवढे वर वाढतात तेवढेच खाली तुटतात. तेव्हा बाहेरून करायच्या गोष्टी, म्हणजे तेल, धुणे, विंचरणे, बांधणे, यांचा उपयोग केस राखण्यासाठी. वाढीची बाजू सांभाळायची ती अन्न, झोप आणि आजारावरचे उपचार यांनी. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही या दोन गोष्टींना दोन जागा आहेत: रोजची निगा दिनचर्येत, टक्कल आणि अकाली पिकणे रोगांच्या प्रकरणात. बाजाराने दोन्ही एका बाटलीत भरली, आणि आपण त्या बाटलीवरच्या मजकुरालाच आयुर्वेद समजू लागलो.

ग्रंथ उघडले तर मजकूर बराच वेगळा निघतो. चरकाच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात डोक्याला रोज तेल लावायला सांगितले आहे, आणि त्याने केस गळत-पिकत नाहीत, मुळे घट्ट होतात, केस लांब होतात असे फळही सांगितले आहे. सुश्रुताने फणीला केसांची हितकर्ती म्हटले ते ती धूळ, मळ आणि जंतू काढते म्हणून. पागोट्याला हितकर म्हटले ते ते वारा, ऊन आणि धूळ अडवते म्हणून. वाग्भटाने बजावले की गरम पाणी मानेखाली घेतले तर बळ देते, डोक्यावर घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ हरते. आणि चरकानेच आठव्या अध्यायात सांगितले आहे की केस, दाढी आणि नखे पंधरवड्यात तीनदा कापावीत. हे शेवटचे वाक्य तेलाच्या जाहिरातीत कधी दिसायचे नाही. गुडघ्यापर्यंत पोचलेली वेणी ही आपल्या संस्कृतीची आवड आहे, आयुर्वेदाची आज्ञा नाही. ज्याला किंवा जिला आखूड केस हवे आहेत त्यांनी शास्त्राविरुद्ध काही केलेले नाही. तिपेडी वेणी घालावी की अंबाडा, याविषयी या ग्रंथांत मला दिनचर्येचा एकही नियम मिळालेला नाही. केशरचनेविषयी पुढे जे येईल ते त्यांच्या तत्त्वांवरून केलेले अनुमान आहे: ओढ, कोरडेपणा आणि उष्णता टाळा, देश, काल आणि प्रकृती पाहा. अनुमानाला ग्रंथवचनाचा मुखवटा चढवण्याची सवय आपल्याकडे फार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकलेले बरे.

ओढीचा पुरावा मात्र भक्कम आहे, आणि तो गंमत म्हणजे आला ग्रीनलंडहून. १९०७ साली ट्रेबिच नावाच्या अभ्यासकाने तिथल्या बायकांच्या कपाळाच्या कडेचे केस विरळ झालेले नोंदवले. कारण होते केस मागे ताणून बांधण्याची रीत. पुढे हाच प्रकार आफ्रिकी वंशाच्या बारीक वेण्यांत, बॅले नर्तिकांच्या अंबाड्यांत, केस आणि दाढी ताणून बांधणाऱ्या शीख पुरुषांत दिसला. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर कूपाच्या जागी व्रण बनतो आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. याची खूण ओळखायला डॉक्टर लागत नाही. कानशिलापाशी, भांगाच्या सुरुवातीला आणि मानेवरच्या कडेला हात फिरवावा. विरळ पट्टीच्या पुढे बारीक लवेची झालर तेवढी उरलेली दिसली तर दोष बांधण्यात आहे. सकाळी वेणी घातल्यावर भुवया किंचित वर ओढल्यासारख्या वाटल्या, किंवा संध्याकाळी केस सोडताना डोके हलके झाले, तर ती वेणी घट्ट होती. यावरून निघणारे नियम साधे आहेत. वेणी मानेजवळ खाली सुरू व्हावी, टाळूवर नाही. पहिले दोन पेड सैल, घट्टपणा हवाच असेल तर खाली. भांग दर काही दिवसांनी सरकवावा. बांधायला नुसते रबर नको, कापडाचे वेष्टण असलेले हवे. रोज एकच रचना नको: आज वेणी, उद्या क्लचरने उचललेले केस, परवा मोकळे. बेंगळुरूत याला आणखी एक कारण आहे. कर्नाटकात जानेवारी २०१६ पासून दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, आणि उंच पोनीटेल किंवा टाळूवरचा बुचडा हेल्मेटखाली मावत नाही. मावला तरी दाबला जाऊन मुळाशीच ओढतो. खाली सोडलेली सैल वेणी मावते. हेल्मेटने टक्कल पडते ही भीती मात्र सोडून द्यावी. डोके फुटण्यापेक्षा केस चुरगळलेले परवडतात. खरा घात होतो तो ओल्या केसांवर हेल्मेट चढवण्याने. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, आणि सकाळी आठच्या घाईत या शहरातल्या हजारो बायका नेमके तेच करतात: न्हाऊन, तशीच वेणी आवळून, बाहेर.

इथे एक हुकमी आक्षेप येतो. आमच्या आज्या जन्मभर घट्ट वेण्या घालत होत्या, घट्ट खोपा बांधत होत्या, तरी त्यांचे केस कंबरेखाली होते, त्याचे काय? याला उत्तर भाषेतच आहे. मराठीत गंगावन हा शब्द आहे. वेणीला लांबी आणि भार यावा म्हणून जोडायच्या परक्या केसांसाठी स्वतंत्र शब्द ज्या समाजाला लागला, त्या समाजात प्रत्येकीचा केशसंभार घनदाट होता असे मानणे जड जाते. डोक्यावरचा पदर, खोप्याभोवती माळलेला गजरा आणि तेलाने चापून बसवलेला भांग यांखाली विरळपणा सहज झाकला जात होता. आणि आपल्याला आठवतात त्या लांब केसांच्या आज्या. बाकीच्यांच्या केसांची गोष्ट कोणी सांगत नाही. तरीही आक्षेपात एक खरा भाग आहे. त्या वेणीला तेल होते, ती दिवसातून एकदा पूर्ण सोडून फणीने विंचरली जात होती, आणि तिच्यावर ड्रायर किंवा इस्त्री फिरत नव्हती. कर्नाटकातली मोग्गिन जडे, म्हणजे नवरीच्या वेणीवर मोगऱ्याच्या कळ्या ओवून केलेला तो जड साज, एका दिवसाचा असतो. एका दिवसाच्या ओझ्याने कूप मरत नाहीत. रोजचा गजरा तर वजनाने काहीच नाही. गांधी बझारात किंवा मल्लेश्वरमला हाताने मापून, मोळाच्या हिशेबाने मिळणारी ती माळ निःशंक माळावी. तिला धरायला चार आकडे एकाच बटेत खुपसू नयेत, इतकेच.

तेलाबद्दल दोन्ही बाजूंचा अतिरेक आहे. तेलाने केस उगवतात असे मानणाऱ्यांच्या पाठीशी चरकाचे वचन आहे, आधुनिक प्रयोगाचे बळ मात्र त्याच्या अर्ध्याच भागाला आहे. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेल लावलेल्या केसांतून धुताना निघून जाणारे प्रथिन कमी झाले. खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांनी तसे केले नाही, कारण खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते. मॅरिको खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच हा निष्कर्ष वाचावा. तरी त्यात दावा धागा टिकण्याचा आहे, कूप जागे होण्याचा नाही, आणि तेवढा तो पटण्याजोगा आहे. दुसऱ्या टोकाला त्वचारोगतज्ज्ञांचा आक्षेप असतो की कोंडा ज्या बुरशीने वाढतो ती तेलावरच जगते, मग तेल का लावता? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर वाग्भटाने देऊन ठेवले आहे: कफाने ग्रासलेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य. खाजरा, चिकट कोंडा असलेल्या डोक्यावर तेल थापणे ही त्या शिकवणीची पायमल्ली आहे. ज्याचे केस कोरडे, दुभंगलेले, ग्रंथांनी वातप्रकृतीचे म्हणून वर्णिलेले, त्याने तेलाला जवळ करावे. ज्याची त्वचा मुळात तेलकट त्याने धुण्याआधी तासभर केवळ केसांच्या लांबीला लावून उरकावे. ऋतूही पाहावा लागतो. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच असलेल्या या शहरात डिसेंबरच्या सकाळी खोबरेलाची बाटली पांढरीफटक थिजलेली असते, कारण चोवीस अंशांखाली ते गोठते. तेव्हा वाटीभर गरम पाण्यात बाटली उभी करण्यापेक्षा तिळाचे तेल घ्यावे, ते ग्रंथांच्या हिशेबानेही उष्ण. इथल्या घरांतले एरंडेल गुणाचे असेल, पण इतके चिकट की एकटे लावले तर धुताना केस तुटून सगळा नफा वाहून जातो.

धुण्याच्या बाबतीत पाण्याच्या आरोपाकडे परत यावे लागते, कारण तिथे पाणी खरोखरच गुन्ह्यात सामील आहे, फक्त साथीदार म्हणून. दुष्फेन पाण्यात साबण मिसळला की त्यातल्या कॅल्शियमशी त्याचा न विरघळणारा साका बनतो. तोच केसांवर बसून ते राठ आणि गुंताळ करतो. साबण अल्कधर्मी असल्याने केसाचे खवलेही उघडतात. शिकेकाई किंवा रिठा यांच्या फेसाला कॅल्शियमची अडचण नाही, आणि शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल असते. साधा सौम्य शाम्पूही असा साका करत नाही, म्हणून ज्यांना शिकेकाई उकळायला सवड नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. बेंगळुरूच्या मराठी घरांची एक सोय आहे: १६३८ नंतर शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी या मातीत आहे, आणि अशा घरांत शिकेकाई आणि सीगेकाई, फणी आणि बाचणिगे, वेणी आणि जडे शेजारी नांदतात. तेल काढायला इथे चिगरे पुडी मिळते, एका शिरीषवर्गीय झाडाच्या पाल्याची हिरवी पूड, जी महाराष्ट्रात फारशी माहीत नाही. ती शिकेकाईहून मऊ वाटते. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हंडे घासून पाणी भरण्याचा नीरु तुंबुव हब्ब आणि आपले अभ्यंगस्नान हे एकाच आचाराचे दोन चेहरे. गरम पाण्याचे मात्र भान हवे. गच्चीगच्चीवर सोलर हीटर असलेल्या या शहरात उन्हाच्या दिवशी नळाला येणारे पाणी हात भाजेल असे असते, आणि तेच सरळ डोक्यावर घेतले जाते. वाग्भटाचे ते वाक्य न्हाणीघराच्या दारावर चिकटवण्याजोगे आहे.

आता आतली बाजू. आयुर्वेद केसांना अस्थिधातूचा मल मानतो. अन्नातून रस, रसातून रक्त, मांस, मेद आणि मग अस्थी, अशी ती रांग, आणि केस त्या रांगेच्याही बाहेर उभे. आधुनिक वैद्यक वेगळ्या वाटेने अशाच ठिकाणी पोचते: शरीराला टंचाई भासली की ज्याच्याशिवाय जगता येते त्याचा पुरवठा आधी तुटतो, आणि केसाशिवाय जगता येते. ही दोन विधाने एकच आहेत असे मी म्हणणार नाही. साम्य हा पुरावा नसतो. पण दोन्हींचा सल्ला एकच निघतो की गळणाऱ्या केसाची चौकशी ताटापासून करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा देशात केस गळतात म्हणून पहिल्यांदा तेल बदलणे हा उफराटा क्रम आहे. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड. झोपेचेही तसेच. रात्रीच्या जागरणाने रुक्षता वाढते असे चरक म्हणतो, आणि क्रोध, शोक, श्रम यांनी शरीराची उष्णता डोक्यात जाऊन केस पिकतात असे सुश्रुत. अमेरिकेच्या घड्याळावर चालणाऱ्या पाळ्यांचे शहर हे वाचून ओशाळेल. चरकाने विमानस्थानात बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू आणि सौवीर इथल्या लोकांविषयी लिहिले आहे की ते दुधाबरोबरही मीठ खातात आणि म्हणून त्यांना अकाली टक्कल पडते, केस पिकतात. मिठाने टक्कल पडते असे त्यावरून आज कोणी ठरवू नये. बघण्यासारखी आहे ती नजर: एका प्रदेशाची माणसे, त्यांचे खाणे आणि त्यांची डोकी एकत्र ठेवून पाहणारी. त्याच नजरेने बेंगळुरूच्या पीजीतला चहा-बिस्किटाचा नाश्ता आणि रात्री अकराची बिर्याणी पाहिली तर नळाकडे वळायला वेळ लागेल.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत खरा: आनुवंशिक टकलापुढे सैल वेणी आणि तिळाचे तेल काय करणार? काही नाही. पुरुषांचे कपाळ मागे सरकते आणि स्त्रियांचा भांग रुंदावतो तो वंशातून आणि संप्रेरकांतून. त्यावर मिनॉक्सिडिल, ज्याला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली, आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइड ही औषधे आहेत, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितके वाचते. जुन्या वैद्यांनाही मर्यादा ठाऊक होती. तिन्ही दोषांच्या टकलाला वाग्भट सरळ असाध्य म्हणतो. नाण्याएवढी गुळगुळीत चाई, व्रण, पू, किंवा एकाएकी मूठमूठ गळणे हेही या पुस्तकाबाहेरचे आहे, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ. मग आयुर्वेद हवा कशाला, असे विचारणाऱ्याला मी इतकेच म्हणेन की शाम्पूच्या बाटलीवर 'सर्व प्रकारच्या केसांसाठी' असे छापलेले असते, आणि वाग्भट विचारतो की कोणाच्या डोक्याला, कोणत्या ऋतूत, पचन कसे असताना. सवयी ठरवायला दुसरा प्रश्न उपयोगी पडतो.

म्हणून पुढची प्रकरणे उलट्या क्रमाने लावली आहेत. तेलाच्या कृती अगदी मागे आहेत, आणि त्या शोधत थेट मागचे पान उघडणाऱ्यांसाठी तिथेही सुरुवातीला रक्ततपासणीची आठवण दिली आहे. त्याआधी धुणे, त्याआधी बांधणे. सुरुवात फणीपासून होते: रुंद दातांची लाकडी फणी, बट मुठीत मधोमध धरून, गुंता टोकाकडून वर सोडवत जायचा. कुरळ्या केसांची रीत वेगळी आहे, ती तिथेच सांगितली आहे; बाकीच्यांनी केस पुरते वाळेपर्यंत ते प्रकरण नुसते वाचावे.